टेबलावरचे दोन पिस्टन

माझ्या लिहायच्या टेबलावर दोन पिस्टन पडलेले असतात. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेत, असे मी येणाऱ्याला सांगतो. खरे तर हल्ली टेबलावर कागद फारसे नसतातच. लिहिताना अडलो की एक उजव्या हातात आणि एक डाव्या हातात घेऊन वजन जोखत बसायची सवय लागली आहे, एवढेच.

पिस्टन म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमध्ये, नळकांड्यात, वरखाली धावणारा दट्ट्या. दोन्ही साधारण एकाच मापाचे. वाटीएवढे, अ‍ॅल्युमिनियमचे, डोक्यावर काजळीचा कधीही न निघणारा तपकिरी डाग. बघणाऱ्याला ते जुळे भाऊ वाटतात. उजव्या हातातला माझ्या पहिल्या गाडीचा. ती बिनटर्बोची, साध्या पेट्रोल इंजिनाची गाडी होती. २ लाखांच्या वर किलोमीटर झाल्यावर पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलले, तेव्हा मी तो मागून घेतला. डाव्या हातातला तिच्यानंतरच्या टर्बो गाडीचा. तो मात्र थोडा जड आहे, आणि त्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा गायब आहे. तो तुकडा कसा गेला हे पुढे सांगतो. त्यात शौर्याचे काही नाही.

टर्बो म्हणजे इंजिनाला बाहेरून लावलेली एक वस्तू, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती दिसतेही तशीच. दोन शंख पाठीला पाठ लावून बसवावेत तसा तिचा आकार. एका शंखातून सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर जातो आणि आतले पाते फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला असलेले पाते दुसऱ्या शंखात ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते. धुराबरोबर वाया जाणारी शक्ती आयती हाताशी आली, नागोबा आयत्या बिळात जाऊन बसला, असा हा सोयीचा मामला वाटायचा. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने याचे पेटंट १९०५ साली घेतले. म्हणजे कल्पना मोटारगाडीइतकी नसली तरी जवळजवळ तितकीच जुनी. मग ती प्रत्येक गाडीत पहिल्यापासून का नव्हती, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पडायला हवा होता.

आधी साध्या इंजिनाबद्दल, कारण माझे खरे प्रेम तिथे आहे.

इंजिन हवा ‘ओढते’ असे आपण म्हणतो. ओढण्यासारखे त्याच्याकडे काहीच नसते. पिस्टन खाली जातो, वर पोकळी तयार होते, आणि बाहेरचे वातावरण स्वतःच्या वजनाने हवा आत ढकलते. समुद्रसपाटीला हा दाब जेमतेम १ बार. बिनटर्बोच्या इंजिनाचे सगळे भांडवल एवढेच, आणि वाढवून मिळायची सोय नाही. इंजिन मिनिटाला ६ हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर एका वेळच्या भरण्याला सेकंदाचा दोनशेवा भाग मिळतो. तेवढ्यात हवेला फिल्टरमधून, वळणातून, अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हच्या कडेने आत शिरायचे असते. म्हणून अशा इंजिनाची सगळी आतली रचना हवेची मनधरणी करण्यात जाते.

त्या मनधरणीचे नमुने बघण्यासारखे असतात. हवा आत येण्याच्या नळ्या लांब आणि गुळगुळीत असतात, आणि त्यांची लांबी मोजून ठरवलेली असते. व्हॉल्व्ह झपकन बंद झाला की नळीतल्या हवेत दाबाची लाट उठते, मागे जाते, टोकाशी आपटून परत येते. ती परत यायची वेळ आणि व्हॉल्व्ह पुन्हा उघडायची वेळ जुळली, तर लाट चार घास जास्तीचे आत ढकलून देते. बासरीचे भोक कुठे पाडायचे याचा जो हिशेब, तोच इथे. लांब नळी कमी फेऱ्यांना साथ देते, आखूड नळी जास्त फेऱ्यांना. काही इंजिनांत तर फेऱ्या वाढल्या की झडप फिरून नळीची लांबीच बदलते. धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचेही तसेच. चार सिलिंडरच्या चार नळ्या आधी जोडीजोडीने आणि मग एकत्र मिळवल्या, तर जाणारा धूर आपल्या मागे किंचित पोकळी ठेवून जातो आणि ती पोकळी आतली ताजी हवा खेचायला मदत करते. या मदतीसाठी हवेचा आणि धुराचा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे ठेवतात. चांगली जमवाजमव झाली तर साधे इंजिनसुद्धा एका ठरावीक वेगाला स्वतःच्या मापापेक्षा थोडी जास्तच हवा भरून घेते. विजेचा पंखा नाही, पंप नाही, नुसत्या वेळेच्या जुळणीवर. मला यात अजूनही जादू वाटते.

पण आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो, आणि साध्या इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात बसते. पहिल्या महायुद्धात विमानांना हाच त्रास होता. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकी अभियंत्याने लिबर्टी हे विमानाचे इंजिन आणि आपला टर्बो कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या शिखरावर नेला आणि तिथल्या विरळ हवेत ते खाली चालते तसे चालवून दाखवले. टर्बोचे तेव्हाचे काम हरवलेले वातावरण परत मिळवून देणे एवढेच होते. असलेल्या वातावरणावर आणखी एक वातावरण चढवण्याचा लोभ नंतरचा.

सगळ्या भानगडी त्या लोभापासून सुरू होतात, आणि त्यातली पहिली दाबाची. साधे पेट्रोल इंजिन आत आलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण दहा-अकरा पट, कधी त्याहून जास्त दाबते. २०११ च्या सुमारास माझ्दाने तर १४ पट दाबणारे बिनटर्बोचे इंजिन बाजारात आणले. जितके जास्त दाबाल तितके त्याच इंधनातून जास्त काम मिळते, म्हणून हा अट्टहास. पण दाबले की हवा तापते. फार तापली की ठिणगी पडल्यावर ज्वाळा पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते आणि इंजिनातून खडे हलवल्यासारखा आवाज येतो. ‘इंजिन नॉक करतंय’ म्हणतात ते हेच. टर्बो आधीच दाबलेली, म्हणजे आधीच तापलेली हवा पाठवतो. तिला पिस्टनने पुन्हा अकरा पट दाबायचे म्हणजे आगीत तेल.

या पेचातून सुटायच्या सुरुवातीच्या धडपडी मनोरंजक आहेत. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर आली. पहिल्या दोन टर्बो प्रवासी गाड्यांपैकी ती एक. तिच्या कर्त्यांनी दाब कमी केला नाही, सव्वादहा पटच ठेवला, आणि नॉकिंग टाळायला पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली. त्या मिश्रणाला त्यांनी ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असे भारदस्त नाव दिले. घोडे अडले ते माणसांपाशी. लोक पेट्रोल भरायचे, पण ही टाकी भरायला विसरायचे. दोन वर्षांत गाडी बंद झाली. पुढच्यांनी सरळ मार्ग धरला आणि इंजिन आतून ढिले केले. १९७० च्या दशकातल्या पहिल्या पोर्शे ९११ टर्बोचा दाब फक्त साडेसहा पट होता. परिणाम असा, की टर्बोला जाग येईपर्यंत गाडी आळसावलेली आणि जाग आली की पाठीत लाथ. ही लाथ वळणाच्या मध्यावर बसली तर काय होते, यावरून त्या गाडीची कुप्रसिद्धी अजून शिल्लक आहे.

आज हे सगळे बरेच निवळले आहे. दाबलेली हवा इंटरकूलरमधून गार करून आणतात, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, ते उडताना आतली उष्णता शोषून घेते, आणि नॉकिंग ऐकणारा सेन्सर ठिणगीची वेळ क्षणोक्षणी सरकवत राहतो. त्यामुळे टर्बो इंजिनेही आता नऊ-दहा पट दाब सहज सोसतात. निस्सानने तर २०१८ च्या सुमारास क्रँक (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि पिस्टन यांच्यामध्ये तरफा घालून चालत्या इंजिनाचा दाब ८ ते १४ पटींमध्ये बदलायची किमया केली. डिझेलवाल्यांना मात्र ही डोकेदुखी कधीच नव्हती. तिथे नुसती हवा दाबली जाते आणि इंधन शेवटी येते. टर्बो खऱ्या अर्थाने नांदला तो डिझेलच्या घरात.

मध्यंतरी भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे जुनी, बिनटर्बोची गाडी आहे. म्हणाला, “मामा, टर्बोचं किट मिळतंय. बसवून घेऊ का?”

मी म्हटले, “ये घरी. आधी हे दोन पिस्टन बघ.”

तो आला. मी दोन्ही त्याच्या हातात दिले आणि फरक शोधायला सांगितले. पोरगा हुशार, पहिला फरक लगेच सापडला. एकाचे डोके जवळजवळ सपाट, त्यात व्हॉल्व्हसाठी कोरलेल्या चंद्रकोरी. दुसऱ्याचे डोके मध्ये खोलगट, बशीसारखे, म्हणजे वर जागा जास्त आणि दाब कमी. मग त्याला दिसले की टर्बोच्या पिस्टनमध्ये पहिल्या रिंगेची खाच बरीच खाली आहे, ज्वाळेपासून दूर. दोन खाचांमधली भिंतही जाड. पिस्टन उलटा केल्यावर त्याला खालच्या दांड्याशी जोडणाऱ्या पिनचे भोक मोठे दिसले. साधा पिस्टन ओतीव, दुसरा घडीव. घडीव धातू तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला सिलिंडरमध्ये थोडी जास्त मोकळीक ठेवावी लागते, आणि थंडगार इंजिन सुरू केले की मिनिटभर टकटक ऐकू येते. पुष्कळ लोक त्या आवाजाला घाबरून गाडी दुरुस्तीला नेतात.

मग मी त्याला माझा आवडता फरक सांगितला, जो पिस्टनकडे बघून दिसतच नाही. रिंग पूर्ण गोल नसते. तिला एक फट असते. ८० मिलिमीटरच्या सिलिंडरला साध्या इंजिनात ही फट साधारण ०.३ मिलिमीटर ठेवतात. टर्बोत ०.४ किंवा त्याहून थोडी जास्त. फरक केसाच्या जाडीएवढा. पण टर्बोच्या उष्णतेत रिंग जास्त लांबते. फट कमी पडली तर दोन्ही टोके एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरमध्ये पाचरीसारखी अडकते आणि जाताना पिस्टनची कड घेऊन जाते. “म्हणजे किट बसवणारा ही फट बघणारच नाही,” भाचा म्हणाला. बघणार कसा? ती बघायला इंजिन खोलावे लागते.

ताकदीचा हिशेबही आम्ही कागदावर मांडला. (त्या दिवशी पिस्टनांनी खरोखर कागद दाबून ठेवला.) ८० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे डोके म्हणजे ५० चौरस सेंटिमीटर. साध्या इंजिनात पूर्ण जोर लावल्यावर आतला दाब ७० बारच्या आसपास गेला असे धरा. पिस्टनवर साडेतीन टन पडतात. टर्बोत ११० बार धरा, साडेपाच टन. दर दोन फेऱ्यांना एकदा. हा भार पिस्टनवरून पिनवर, पिनवरून त्या दांड्यावर, म्हणजे कनेक्टिंग रॉडवर, तिथून बेअरिंग आणि क्रँकवर जातो. म्हणून टर्बोचा रॉड जाड, पिन जाड, हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट तगडे, गॅस्केट पोलादाच्या पत्र्यांचे थर देऊन केलेले, आणि सिलिंडरच्या भिंतींना वरच्या बाजूने आधार दिलेला, म्हणजे दाबाने त्या फाकू नयेत.

इथवर ऐकून भाच्याचा ग्रह झाला की साधे इंजिन नाजूक आणि टर्बो पैलवान. ते मला मान्य नव्हते. साध्या इंजिनाला जास्त ताकद हवी असेल तर त्याच्याकडे एकच वाट असते, जास्त वेळा श्वास घेणे, म्हणजे जास्त फेऱ्या. १९९९ साली आलेल्या होंडा एस२००० चे २ लिटरचे बिनटर्बोचे इंजिन ९ हजार फेऱ्यांपर्यंत जायचे. त्या वेगाला पिस्टन वरच्या टोकाला थांबून उलटा फिरतो तेव्हा त्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या साडेचार हजार पटींच्या पुढे जातो. साडेतीनशे ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी दीड टनाचा होऊन रॉडला ताणतो. धूर बाहेर गेलेला असतो, वर अडवायला कोणी नाही, सगळा ताण रॉडवर आणि त्याच्या दोन बोल्टांवर. टर्बोचा रॉड दबून वाकण्याला भितो, या इंजिनाचा रॉड ताणून तुटण्याला. म्हणून इथे एकेक ग्रॅम खरवडलेला असतो, स्कर्ट, म्हणजे पिस्टनचा खालचा घेर, आखूड, पिन पोकळ, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक. उजव्या हातातला पिस्टन हलका का लागतो, त्याचे हे उत्तर. माझ्या गरीब गाडीने ९ हजार फेऱ्या स्वप्नातही पाहिल्या नाहीत, पण घराणे तेच.

आता तो नखाएवढा तुकडा.

पहिल्या गाडीने माझ्या पायाला एक वळण लावले होते. वरचा गिअर लवकर टाकायचा, फेऱ्या कमी ठेवायच्या, चढ आला तर गिअर न बदलता पाय दाबायचा. इंजिन थोडे कण्हायचे, कधी खडखडायचे, मी पाय किंचित उचलायचो, संपले. टर्बो गाडी आल्यावर पाय तोच राहिला. उलट ही गाडी १५०० फेऱ्यांनाही न कण्हता चढायची, म्हणून मी जास्तच सोकावलो. मग एका चढावर वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबलेला असताना आतून एकच आवाज आला. खडखड नव्हती ती. हातोडा मारावा तसा एकच ठणका. त्यानंतर इंजिन एका पायाने लंगडत चालले आणि मागून निळा धूर यायला लागला.

इंजिन खोलणाऱ्या मिस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन पुसून माझ्या हातावर ठेवला. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली भिंत फुटली होती. ते म्हणाले, “ताकद होती म्हणून तुम्ही मागत राहिलात. फेऱ्या मागितल्या असत्या तर दिल्या असत्या तिने.” दोष मी दुसऱ्या कोणावर ढकलू शकलो नाही.

नंतर वाचत गेलो तेव्हा त्या ठणक्याचे नाव कळले, कमी वेगावरचे अकाली प्रज्वलन. छोट्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांना जास्त दाब मागितला की रिंगांच्या कडेला रेंगाळलेला ऑइलचा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि स्फोट त्याला वरून खाली लोटत असतो. साध्या इंजिनात तेवढी हवाच आत नसते, म्हणून तिथे माझी खोड खपून जायची. इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियमच्या घटकांचाही यात हात असतो असे आढळले, आणि २०१८ पासून ऑइलच्या अमेरिकी मानकात त्यासाठी वेगळी चाचणी आली. डबा घेताना मागची बारीक अक्षरे मी आता चष्मा लावून वाचतो.

‘एक लिटरचे टर्बो म्हणजे दीड लिटरचे साधे’ हे गणित म्हणूनच मला अर्धवट वाटते. कागदावर बरोबर आहे. पण लहान इंजिनाकडून मोठे काम घेतले की त्याची उष्णता जाते कुठे, हे कोणी बोलत नाही. टर्बोत ती कुठे कुठे जाते हे बघितले की इंजिनाच्या आतला अर्धा फरक कळतो. पिस्टनच्या पोटाखाली बारीक नळ्या असतात, त्या सतत ऑइलची धार मारतात. काही पिस्टनच्या डोक्याच्या आत ऑइल फिरायला बोगदा असतो. धुराचे व्हॉल्व्ह काही इंजिनांत पोकळ असतात आणि आत सोडियम भरलेला असतो. तो ९८ अंशांना वितळतो आणि वरखाली हिंदकळत डोक्याची उष्णता दांडीकडे नेतो. धुराच्या त्या लांब, सुरेल नळ्या इथे गायब. टर्बोला धूर गरमागरम हवा असतो, म्हणून वाट शक्य तितकी आखूड. हल्ली तर ती हेडमध्येच ओतलेली असते आणि भोवती पाणी खेळवलेले असते. दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे ठेवायची गंमतही जपूनच, कारण टर्बोमागे तुंबलेला धूर उलटा आत शिरू शकतो. स्पार्क प्लगची फटसुद्धा लहान, कारण दाट हवेतून ठिणगीला उडी मारायला जास्त जोर लागतो.

आणि टोकाला तो दांडा, पेन्सिलीएवढा. एका बाजूला हजार अंशांच्या घरातला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, मधे मिनिटाला २ लाखांच्या आसपास फेऱ्या. पुष्कळ टर्बोत त्याला बॉल बेअरिंग नसते. तो ऑइलच्या पातळ थरावर नुसता तरंगतो. दूरवरून जोरात येऊन गाडी एकदम बंद केली की ऑइलचा प्रवाह थांबतो, उष्णता मात्र मागून सरकत येतेच, आणि थांबलेले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो.

भाच्याने किट घेतले नाही. मी दुरुस्त करून घेतलेली टर्बो गाडी अजून चालवतो. चढाला गिअर उतरवतो, आणि घरी आल्यावर मिनिटभर ती नुसती चालू ठेवतो. पहिली गाडी चावी फिरवली की गप्प व्हायची, एका क्षणात. ही होत नाही. बंद केल्यावरही बॉनेटखाली विजेचा छोटा पंप घुमत राहतो, टर्बोभोवती पाणी फिरवत. मी बहुतेक वेळा तो थांबेपर्यंत दाराशी उभा असतो, चावी हातात घेऊन.